साकव पुन्हा बांधताना : आठवीच्या चित्रप्रकल्पाच्या नोंदी

१० जुलै २०२४

आजपासून बुधवारचे शेवटचे दोन तास संगणक कक्षात. आठवीत मुलं एकतीस, चालू असलेले संगणक आठ. सात ठिकाणी चौघं-चौघं आणि एका ठिकाणी तिघं बसले. बाहेर धो धो पाऊस, कौलांच्या आवाजात माझं बोलणं मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हतं.

संगणकाच्या सरांनी सगळीकडे जिम्प हे फोटो आणि चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं आहे. फुकट आहे, एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही, आणि कुणाच्या घरी जुना लॅपटॉप असला तर तिथेही चालतं. १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुलांनी, स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी, ते लिहायला घेतलं हे सांगितल्यावर वर्गाचे कान टवकारले. "म्हणजे कॉलेजातल्या पोरांनी?" असा प्रश्न दोनदा आला.

पहिला दिवस म्हणून त्यांना मोकळं सोडलं. दहा मिनिटांत कुणीतरी फिल्टरचा मेनू शोधला आणि अर्ध्या तासात आठही पडद्यांवर तेच दिसू लागलं: पाण्यात हलल्यासारखा चेहरा, भोवऱ्यात गेलेला चेहरा, सूर्याची चमक मारलेला चेहरा. हसून हसून मुरकुंडी वळली, आणि ते हसू मला हवंही होतं. पण तास संपताना मी प्रत्येक गटाला विचारलं, यातलं तुमचं काय? एक मुलगी म्हणाली, "बाई, फोटो माझा आसा." ती सोडून कुणाला उत्तर सापडलं नाही.

घरी येताना ठरवलं. दिवाळीपर्यंत फिल्टरचा मेनू बंद. सावलीसाठी कडा मऊ करायला लागेल तेवढा गॉशियन ब्लर चालेल, बाकी काही नाही. आणि प्रत्येक चित्राची सुरुवात मुलाने स्वतः काढलेल्या फोटोपासून किंवा स्वतःच्या पेन्सिलीपासून होईल.

विषयही सुचला. प्रत्येकाने गावातली एक जागा निवडायची. तिथे पूर्वी काय होतं आणि आता नाही, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारायचं. मग ते त्या फोटोत परत आणून ठेवायचं. रेखाकला परीक्षेसाठी मी वर्षानुवर्षं स्मरणचित्र शिकवते आहे आणि दर वर्षी मला तोच बाजार दिसतो, तेच झाड, टोपली घेतलेली तीच बाई. हे स्मरणचित्रच आहे, पण दुसऱ्याच्या स्मरणातलं. त्यामुळे ते पाठ करता येणार नाही, विचारावंच लागेल.

२४ जुलै

फोटो आले. मोबाइल घरच्यांचे, त्यामुळे कुणी मागून घेऊन, कुणी ताईकडून काढवून आणलेत. एकूण सव्वीस जागा. पाच जणांची अजून ठरलेली नाही.

आणि संगणक आडवे पडले. फोटो उघडला, त्यावर दुसरा थर (म्हणजे वर ठेवलेलं वेगळं चित्र, लेअर) घातला, तिसरा घातला की सगळं थिजून जायचं. सरांनी फळ्यावर हिशोब मांडला आणि तो मला फार आवडला. आजच्या साध्या मोबाइलचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. एका ठिपक्याला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट. एका थराला ४८ एमबी. दहा थर घातले की ४८० एमबी, शिवाय मागे जाता यावं म्हणून प्रत्येक बदल लक्षात ठेवायला लागणारी जागा वेगळी. आमच्या संगणकांना हे झेपत नाही.

सगळे फोटो आधी १६०० गुणिले १२०० केले. तोच थर आता पावणेआठ एमबीच्याही आत. कागदावर आठ इंच रुंद छापला तर इंचाला दोनशे ठिपके पडतात, शाळेच्या भिंतीवर लावायला भरपूर. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायला सांगितले, कारण एकदा लहान केलेला फोटो पुन्हा मोठा करून हरवलेला तपशील परत येत नाही.

३१ जुलै

आज 'लेअर' म्हणजे काय हे शिकवायचं होतं. पारदर्शक कागदांची चळत असं सांगून पाहिलं, माना डोलल्या, पण डोळ्यांत काही दिसलं नाही. म्हणून घरून आणलेली तसबीर काढली. माझ्या सासूबाईंच्या देवघरातली लक्ष्मी, जुन्या शिळाछपाईची. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला नेला. असल्या छापखान्यांतून निघालेल्या तसबिरी आमच्याकडे कितीतरी घरांत अजून आहेत. या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळ्याचा दगड छापायचा, वाळवायचा, मग गुलाबी, मग निळा, असं एकावर एक करत चित्र उभं राहायचं.

भिंग दिलं आणि एकेकाला ओठांची कड बघायला सांगितली. तिथे लाल रंग केसभर उजवीकडे सरकला आहे. त्यामुळे ओठाच्या एका बाजूला गुलाबी फट दिसते आणि दुसऱ्या बाजूला लाल रेघ गालावर गेली आहे. मुलं रांगा लावून बघत होती. "बाई, लाल दगड हलला!" एवढं एक वाक्य पुरलं. त्यानंतर थर समजावून सांगायची गरज पडली नाही. पडद्यावर थर सरकला की आता वर्गात "दगड हलला" म्हणतात.

७ ऑगस्ट

आता मुलांना मी त्यांच्या चित्रांवरूनच ओळखू लागले आहे: साकववाला (साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल), लाटवाली (लाट म्हणजे विहिरीचं पाणी काढायचा लांब वासा), पडाववाले दोघं (पडाव म्हणजे शिडाची होडी), मांगरवाली (मांगर म्हणजे गवताने शाकारलेली झोपडी).

साकववाल्याची जागा म्हणजे त्याच्या वाडीतल्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, काँक्रीटचा पूल. त्याच्या आजीने सांगितलं की तिथे माडाच्या तीन सोटांचा साकव होता, एका बाजूला हाताला बांबू. पावसात व्हावान गेलो की दिवाळीक नवो, हे तिचे शब्द त्याने वहीत जसेच्या तसे उतरवले. पहिलं चित्र त्याने घरी बसून काढलं. सुबक होतं, पण साकव समोरून दिसत होता आणि फोटो काढलाय बाजूने. तो फोटोवर ठेवल्यावर हवेत तरंगणारी शिडी दिसू लागली. मी काही बोलले नाही. त्याने स्वतःच दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "मी खय उभो होतंय ता चुकला." फोटो काढताना आपण जिथे उभे होतो तिथेच उभं राहून चित्रही काढावं लागतं हे त्याला कळलं. यथार्थदर्शन मी फळ्यावर रेघा ओढून तीन वर्षं शिकवलं असतं तरी असं उमटलं नसतं.

पेन्सिलचित्र फोटोवर बसवायची युक्तीही आजच दाखवली. कागदाचा फोटो घ्यायचा, जिम्पमध्ये 'कलर टू अल्फा' लावायचं आणि पांढरा रंग निवडायचा. कागद नाहीसा होतो, रेघा राहतात. खुबी पुढे आहे. कात्रीने कापल्यासारखं पांढरं उडत नाही; जिथे पेन्सिल हलकी फिरली होती तिथे रेघही तेवढीच झिरझिरीत राहते आणि तिच्यातून मागचं पाणी दिसतं. एका मुलीने बोटाने घोटलेली छटासुद्धा तशीच टिकली. वर्ग क्षणभर गप्प झाला. आपल्या हातची रेघ गावातल्या खऱ्या पाण्यावर पडलेली त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

२१ ऑगस्ट

"बाई, माझे थर खय गेले?"

मांगरवालीने दोन आठवड्यांचं काम फक्त जेपीजी करून ठेवलं आणि मूळ फाइल जतन न करता बंद केली. उघडली तर सगळं एकच सपाट चित्र. गवताचं छप्पर, कुडाची भिंत, दारातली कोंबडी, सगळं एकमेकांना चिकटलेलं. जिम्पमध्ये जतन करणं आणि बाहेर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. जतन केली की एक्ससीएफ फाइल होते आणि तिच्यात थर जिवंत राहतात. बाहेर काढलेल्या जेपीजीत राहत नाहीत. हे मी सांगितलं होतं, पण एकदाच आणि घाईत. तेवढं पुरेसं नव्हतं.

ती रडली. मैत्रिणी तिच्याभोवती बसल्या. मी तिला म्हटलं, कोंबडी तर तुला पाठ झाली असेल. तिने पुन्हा सुरुवात केली आणि तासाभरात आधीपेक्षा चांगलं छप्पर घातलं, कारण गवत कुठल्या बाजूने शाकारतात हे मधल्या काळात तिने आजोबांना विचारून घेतलं होतं. तरीही ते दोन आठवडे तिचे गेले, आणि याची जबाबदारी माझी आहे. आता दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे: आधी जतन, मग जेपीजी.

४ सप्टेंबर

वीज नाही. परवापासून चतुर्थीची सुट्टी. मुलांना एकच काम दिलं: मुंबईहून चाकरमानी येतील, त्यांना आपलं चित्र दाखवा आणि "हे असंच होतं का?" एवढंच विचारा.

२५ सप्टेंबर

त्या एका प्रश्नाने केवढा गोंधळ केला आहे! साकववाल्याच्या मुंबईच्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं की सोट दोनच होते. आजी तीनवर ठाम. पडाववाल्यांच्या घरी तर पडावाचं शीड कुठल्या रंगाचं यावर आरती थांबायची वेळ आली. मुलं हे सांगताना इतकी रंगली होती की संगणक अर्धा तास तसेच राहिले, आणि मी ते राहू दिले.

साकववाल्याने तिसऱ्या सोटाचा वेगळा थर केला आहे. डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारली की आजीचा साकव दिसतो, पुन्हा मारली की काकांचा. कागदावर हे त्याला जमलं नसतं. कागदावर एकाला खोटं ठरवावं लागलं असतं.

सोटांसाठी त्याने शाळेमागच्या माडाच्या खोडाचा फोटो कापून आडवा केला. तेच खोड तीनदा वापरल्यावर शेजारची मुलगी म्हणाली, "ह्यो डाग तिनय सोटार आसा." खरंच, एकच काळपट डाग, त्याच जागी, तीनदा. डोळा एकदा तिथे गेला की दुसरं काही दिसत नाही. तो मधल्या सुट्टीत जाऊन आणखी दोन माडांचे फोटो काढून आला.

मग सावली. सोटांखाली त्याने काळा रंग भरला तर पाण्यावर काजळी सांडल्यासारखी दिसू लागली. मी म्हटलं, काँक्रीटच्या पुलाखाली खरी सावली आहेच, तिलाच विचार. त्याने रंग उचलायचं साधन तिथे टेकवलं: लाल ५२, हिरवा ५८, निळा ४१. म्हणजे काळा नव्हेच, शेवाळी. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होता. "सावली हिरवी आसा?" झाडीतून गाळून आलेला उजेड पडतो म्हणून, आणि खालचं पाणीही तसलंच म्हणून. त्याने तोच रंग घेतला, थर मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणाऱ्या मिश्रणावर) टाकला, त्याचा दाटपणा साठ टक्क्यांवर आणला, कडा मऊ केल्या. साकव पाण्यावर बसला.

कडा मऊ का, हेही वर्गानेच शोधलं. हे सगळे फोटो जुलैतले, ढगांखालचे. तेव्हा उजेड आभाळभरून येतो, सावलीला कड नसते. आता ऊन पडू लागल्यावर ज्यांनी नवे फोटो काढून जुन्यात चिकटवले त्यांची माणसं कागदी बाहुल्यांसारखी उठून दिसतायत: अंगावर ऊन आणि पायाखाली पावसाळा. तीन गटांनी आपणहून ठरवलं की ढगाळ दिवसाची वाट बघायची.

१६ ऑक्टोबर

आजची नोंद सविस्तर करते आहे.

लाटवालीचं चित्र सगळ्यांत पुढे गेलं होतं. त्यांच्या बागेतल्या विहिरीवर पूर्वी लाट होती. एका टोकाला दगडाचं वजन बांधलेला लांब वासा, दुसऱ्या टोकाला कोळंबं, म्हणजे पाणी काढायचं भांडं. आता तिथे पंप आहे आणि लाटेचा दगडी खांब तेवढा उरलाय. तिने तो वासा चितारला, मोठ्या भावाला पंचा नेसवून ओढायच्या पवित्र्यात उभं केलं, त्याचा फोटो घेतला, चेहरा वाशाच्या आड जाईल असा ठेवला. सगळं चित्र करड्या छटेत नेलं. उत्तम काम. मी वर्गात कौतुक केलं.

तिने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते वाडीच्या ग्रुपवर गेलं, तिथून मुंबईला, आणि चार दिवसांनी परत आलं तेव्हा खाली ओळ होती: आपल्या वाडीतील दुर्मिळ छायाचित्र, १९६०. लोकांनी माणूस ओळखलासुद्धा. एका घरातून तिच्या आईला निरोप आला की लाट ओढणारे आमचे आजोबा आहेत, त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, मोठा करून मिळेल का?

मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. काल संध्याकाळी मी तिच्यासोबत त्या घरी गेले. तिनेच सांगितलं, थरथरत्या आवाजात, की हा माझा भाऊ आहे. मोबाइलवर मूळ फोटो दाखवला. त्या घरातल्या काकी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उभो तसोच आसा पण." आणि आजोबा कसे उभे राहायचे, वासा खाली येताना पाय कुठे रोवायचे, हे त्यांनी खळ्यात उभं राहून तिला करून दाखवलं.

परत येताना ती एवढंच म्हणाली की चित्र बदलायला हवं, पाय चुकलाय.

मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. मुलांच्या हातात मी एक ताकद दिली आणि तिच्यासोबत द्यायची गोष्ट द्यायला विसरले. आज वर्गात सगळं मांडलं, मुलीला विचारून. फोटो जोडणं ही संगणकाने आणलेली गोष्ट नाही हेही सांगितलं. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये ऑस्कर रायलँडर या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भलं मोठं चित्र केलं होतं. ते कसं जोडलं हे त्याने लपवलं नव्हतं, लोकांपुढे समजावून सांगितलं होतं.

मग काय करायचं, हे मुलांनीच ठरवलं. प्रत्येक चित्रावर, कापून टाकता येणार नाही अशा जागी, तीन गोष्टी लिहायच्या: रचलेलं चित्र, साल २०२४, कुणाच्या आठवणीवरून. फोटोला जुना दिसावा म्हणून करडा किंवा पिवळट करायचं नाही. हा शेवटचा नियम लाटवालीने सुचवला. तिचं चित्र आता रंगीत आहे, बाजूला निळा पंपही दिसतो, आणि मला ते आधीपेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

२७ नोव्हेंबर

परीक्षा, दिवाळी, निवडणूक यांत महिना गेला. फिल्टरवरची बंदी ठरल्याप्रमाणे उठवली. दोघांनी उघडून पाहिलं आणि परत आपल्या कामाला लागले.

सादर कसं करायचं यावर आज चर्चा. छापून भिंतीवर लावायची कल्पना होतीच. पण पिंगुळी आमच्या तालुक्यातच. ठाकर समाजाची चित्रकथी बघितलेली मुलं वर्गात आहेत. तिथे कथेच्या चित्रांची पोथी असते. गाणारा एकेक चित्र पुढे धरतो, त्यातला प्रसंग गाऊन सांगतो, मग पुढचं काढतो. मांगरवाली म्हणाली, आपणही थर एकेक करून दाखवूया. आधी आजची मोकळी जागा, मग एकेक वस्तू, आणि ती ज्याने सांगितली त्याचे शब्द.

मला हे सुचलं नव्हतं.

११ डिसेंबर

आज घरची माणसं आली होती. सरांनी प्रोजेक्टर लावला, खिडक्यांना चादरी बांधल्या. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर सगळ्या आज्या, आजोबा.

मांगरवालीने सुरेख सांगितलं. कोंबडीचा थर आला तेव्हा तिचे आजोबा मोठ्याने हसले. पडाववाल्यांनी शिडाचे दोन रंग दाखवले आणि हात वर करून मतदान घेतलं, तांबडा जिंकला. लाटवाली बोलताना त्या काकीही मागे येऊन उभ्या होत्या. चित्राखाली आता दोन नावं आहेत, तिच्या आजीचं आणि काकींचं.

साकववाला शेवटी. व्हाळ आला, पाणी आलं. काँक्रीटचा पूल त्याने काढला नव्हता, तीस टक्क्यांवर फिका करून ठेवला होता. आई रोज कामाला त्यावरून जाते म्हणून, असं त्याने सांगितलं. मग एक सोट, दुसरा सोट. काकांचा साकव इथे संपतो, असं म्हणून त्याने आजीकडे बघितलं आणि तिसरा लावला. टाळ्या पडल्या. मग सावली, हाताचा बांबू, आणि पलीकडच्या काठावरचा आंबा.

आजी उठली. काठी टेकत पडद्यापर्यंत गेली. प्रोजेक्टरच्या उजेडात तिची सावली सगळ्या व्हाळावर पडली. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"आंबो हय नाय. तय होतो."

तो उठून आजीजवळ गेला नाही, संगणकाशीच बसून राहिला. आंब्याचा थर निवडला आणि हळूहळू डावीकडे सरकवू लागला. आजीचं बोट पडद्यावर तसंच टेकलेलं.

"आजून. आजून थोडो. हां, रव."